बोटांनी बघायची चित्रं आणि वैशाली

दृष्टिहीन मुलांच्या शाळेत दोन टीचर चहाला बसल्या की नवा किस्सा तयार होतो. आमच्या कल्याणच्या शाळेत तर किस्से ठेवायला जागा नाही! वाईट एवढंच, की हल्ली सगळे वैशालीचे असतात. मी इथली जुनी टीचर. ती काल-परवा आलेली, कापडी चित्रपुस्तकं घेऊन. चित्रं बोटांनी बघायची. खरी बटणं, खरी चेन, लोकरीचे केस.

*

ओमला शर्टाची बटणं लावायला शिकवताना माझा घाम निघालेला. वैशालीने शर्टाचं पान त्याच्या मांडीवर ठेवलं. मधल्या सुट्टीच्या आत पठ्ठ्याने सगळी बटणं लावली!

"अरे, माझ्याकडे का नाही जमलं?"

"टीचर, तुम्ही ओरडता. पुस्तक ओरडत नाही!"

*

मग मीही इरेला पेटले. भाजीबाजाराचं पुस्तक केलं. भेंडीला हिरवी मखमल लावली. सहावीतली स्नेहा दिवा स्टेशनहून लोकलने येते. तिने बोट फिरवलं आणि दचकलीच.

"टीचर, भाजीवाल्याकडे मांजर पण मिळते?"

सगळा वर्ग हसला. वैशाली हसली नाही. त्याचाच जास्त राग आला!

*

चहाचं पुस्तक मात्र आम्ही दोघींनी शिकवलं. म्हणजे पानं तिची, गॅसपाशी उभी मी. एका रविवारी स्नेहाच्या आईचा फोन.

"टीचर, पोरीने आज एकटीने चहा केला हो! मला रडूच आलं."

माझेही डोळे भरले. म्हटलं, अखेर कुणाला तरी आपली आठवण आली.

"वैशालीताईंचा नंबर देता का? त्यांना सांगायचंय."

*

एकदाच ती पेचात सापडली. रस्ता ओलांडायचं पान चालू होतं. "पांढरी काठी पुढे केली, की रिक्षा थांबते," वैशाली म्हणाली.

ओमने विचारलं, "ताई, ही रिक्षा शीळफाट्याची नाही ना? तिथली कुणासाठीच थांबत नाही!"

तिने पटकन पान उलटलं! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ओमला अख्खा बिस्किटपुडा दिला.

*

गेल्या आठवड्यात चेहऱ्यांचं पुस्तक आलं. रागाचा, रडका, हसरा, सगळे लोकरीच्या उठावदार रेघांचे. आधी पान चाचपायचं. मग जोडीदाराने तसा चेहरा करायचा आणि आपण हात लावून तो बरोबर आहे का बघायचं. स्नेहाची जोडीदार गैरहजर, म्हणून तिच्यासमोर मी बसले.

"आता जळका चेहरा," वैशाली म्हणाली. "मैत्रिणीचं कौतुक झालं, आपलं नाही. भुवया आत, ओठ घट्ट. करा!"

मी अजून काहीच केलं नव्हतं. स्नेहाची बोटं माझ्या भुवयांवरून ओठांवर आली.

"ताई," ती ओरडली, "आमच्या टीचरना लगेच जमलं!"