पूजा झालेले टायर

नांदुऱ्याच्या टायरवाल्याला मी माप दाखवलं ते स्टेपनीचं. चूक एवढीच. पुढच्या चाकापाशी बसावं लागेल, पँटला माती लागेल, म्हणून मी डिक्की उघडली आणि आत आरामात पडलेल्या पाचव्या चाकाचा मोबाइलवर फोटो काढला. गाडी माझ्याकडे आली ती दोन घरं फिरून. आधीच्या कोण्या मालकानं डिक्कीत भलत्याच गाडीचं चाक टाकून ठेवलं असेल, हे मला कसं कळावं? घेताना मी फक्त हॉर्न वाजवून पाहिला होता.

टायर बदलायचा हुकूम बायकोचा होता. पुढचे दोन्ही इतके गुळगुळीत झाले होते, की त्यांना टकले म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. आरसा मीही पाहतो. तिच्या धाकट्या भावाला, पिंपळगाव राजाला, फार वाट पाहून मुलगी झाली होती. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि सख्खी आत्या म्हणजे आमची ही. पण तिथंच दोन गल्ल्या सोडून एक चुलत आत्या राहते, आणि तिला मानाची फार आवड. मागच्या खेपेला माहेरी निघालो तर वाटेत टायर फुटला, आणि ही सोयाबीनच्या ट्रॉलीत बसून, पंगती उठल्यावर पोहोचली होती.

"या वेळेस उशीर झाला नं," ती म्हणाली होती, "तर पोरीचं नाव थे चुलत आत्या ठेवीन. अन् मी जन्मभर तुमाले नावं ठेवीन."

मोताळ्यात आमच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला स्वस्तात टायर बसवतो, म्हणून दोन्ही नवे टायर मी घरी आणले. बारशाच्या सकाळी बायकोनं ते ओट्यावर मांडले. हळदकुंकू वाहिलं, स्वस्तिक काढलं, उदबत्ती ओवाळली, नारळ फोडला. मीही हात जोडले. टायरची पूजा बसवायच्या आधी करावी की नंतर, यावर शास्त्र काय म्हणतं माहीत नाही. माझं मत विचाराल तर नंतर.

पंक्चरवाल्यानं बराच वेळ झटापट केली आणि पहार खाली ठेवली.

"सर, हे बसत नसते. टायर चौदाचा हाय, तुमची रिम तेराची."

"थोडा दाबून पाहा ना."

"टायर हाय, सर. लेंगा नाही."

मग आम्ही नांदुऱ्याला निघालो. पुढं टकले टायर, मागच्या सीटवर कुंकू लावलेली जोडी, आणि माझ्या शेजारी जरीची साडी नेसून, मांडीवर चांदीच्या वाळ्यांची डबी धरून बसलेली बायको. दर मैलाच्या दगडाला ती मोबाइलवर वेळ पाहत होती.

टायरवाल्याला सगळं नांदुरा गाव चाचा म्हणतं. त्यांनी चष्मा वर केला, टायरवरचं स्वस्तिक पाहिलं, मग मला पाहिलं.

"सर, काल मी तुमाले टायर दिला होता. तुमी त्याचा देव करून आणला. टायर मी बदलून देतो. देव कसा बदलून देऊ?"

"हे धुऊन देतात," बायको म्हणाली. मला न विचारता.

दुकानासमोर ट्यूब बुडवून पाहायची पाण्याची टाकी असते. तिच्यापाशी बसून, बाह्या सरसावून, मी साबणानं टायर घासू लागलो. रस्त्यानं जाणारा एक ओळखीचा सायकल थांबवून म्हणाला, "काय सर, पोळा लवकर आला काय यंदा? शिंगं कुठं हायेत?" कुंकू गेलं, पण हळद खाचांमधून निघेना. चाचा खुर्चीवरूनच म्हणाले, "थोडं कानामागं घासा अजून."

तेवढ्यात मेव्हण्याचा फोन आला. तिनं तो स्पीकरवर टाकला. "ताई, कुठं हायेस? बायका खोळंबल्या इथं. अन् थे पाळण्यापाशी जाऊन बसली हाय."

चाचांनी घाईघाईनं टायर दाखवले. नामांकित कंपनीचे महाग होते. नाव न ऐकलेल्या कंपनीचे बरे होते. आणि कोपऱ्यात, अगदी स्वस्तात, जुन्यावर नवं रबर चढवलेले. माझं मन कोपऱ्याकडे ओढलं गेलं. मी स्वतः केसांना, जे आहेत त्यांना, कलप लावतो. आतून जुनं आणि वरून नवं यात मला कधी गैर वाटलेलं नाही.

"हे काऊन नाही चालणार?" मी म्हणालो.

"मले बारशाले जायचं हाय," बायको म्हणाली. "तेरवीले नाही."

नाव न ऐकलेल्या कंपनीचे ठरले. चाचा ते काढणार, तर तिनं त्यांना थांबवलं. जरीचा पदर कमरेला खोचला, आमच्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी बसली, बोटानं माती पुसली आणि आकडा मोठ्यानं वाचला. मग नव्या टायरवरचा वाचला. दोन्ही जुळल्यावर म्हणाली, "हाव. बसवा."

चाचा मला हळूच म्हणाले, "पुढच्या वेळेस सर, तुमी घरी राहा. मॅडमलेच पाठवा."

पिंपळगाव राजाला पोहोचलो तेव्हा पाळण्याभोवती बायकांची भिंत उभी होती. चुलत आत्या वाकली होती. तोंड बाळाच्या कानापासून वीतभर असेल नसेल.

"थांब वं!" बायको दारातूनच ओरडली.

सगळं घर थांबलं. बाळानंसुद्धा रडणं थांबवलं. चुलत आत्या हळूहळू सरळ झाली, जणू पाळण्याची झालरच नीट करत होती. बायकोनं वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, आणि बायकांनी रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घातले. एरवी ते लुटुपुटीचे असतात. या वेळी ताटकळलेल्या बायकांनी मनापासून घातले. शेवटचा चुलत आत्याचा होता. तो मला बाहेरच्या ओट्यावर ऐकू आला.

परत निघताना ती गाडीत जरा तिरपी बसली होती. पाठ चोळत होती, पण चेहरा खुलला होता.

"लय लागलं का?" मी विचारलं.

"लागलं तं लागलं. नाव मीच ठेवलं नं," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "फक्त बायकायनं पाठ चुकीची धरली. बरोबरची बाहेर ओट्यावर बसली होती, चिवडा खात."