झाकणाच्या आतली खूण

भिंगकाकांनी मला घड्याळं उघडायला शिकवलं तेव्हा मी अठरा वर्षांची होते. त्यांच्या पोटच्या दोन्ही पोरांनी या धंद्याकडे बघून आधीच नाक मुरडलं होतं. डोळ्याला सदा भिंग, म्हणून भिंगकाका. जेवतानाही काढायला विसरायचे. काकू म्हणायच्या, "अहो, ताटात काय स्क्रू शोधताय?"

एक नियम त्यांनी माझ्या डोक्यात ठोकून बसवला. काम झालं की झाकणाच्या आत सुईने तारीख कोरायची आणि शेजारी आपली खूण. त्यांची त्रिकोण, माझी दोन रेघा. "दुसऱ्याच्या कामावर आपली खूण म्हणजे चोरी, पोरी."

काकू गेल्यावर त्यांनी घर मुलांच्या नावावर केलं. मी कानीकपाळी ओरडले, काका, जेवायचं ताट द्यावं, पण बसायचा पाट देऊ नये. ऐकतंय कोण! वर्षाच्या आत मुलांनी घर विकलं आणि काका माझ्या दुकानामागच्या भाड्याच्या खोलीत आले. औषध आणलं की जेवणाला कात्री लागायची. शेवटी मीच त्यांना ओढत कोर्टात नेलं आणि पोटगीचा अर्ज करायला लावला.

खटला चालू असताना एक दिवस लेक उगवली. हातात काकूंचं टेबलावरचं घड्याळ. "बाबा, आईचं घड्याळ बंद पडलंय. तुमच्याशिवाय कोण करणार?" म्हातारा पाघळला. भिंग लावून बसले, कसंबसं घड्याळ उघडलं. लेकीने मोबाइलवर सगळं टिपलं. नातवंडांना दाखवायला म्हणे!

ती गेल्यावर काका घड्याळ घेऊन माझ्याकडे आले. हात इतके थरथरत होते की स्क्रू दोनदा खाली पडला.

"तू कर. पण कुणाला कळता कामा नये. लेक उद्या न्यायला येणार आहे. तिला वाटू दे, बापाने केलं."

मी शब्द दिला. रात्री काम संपवलं आणि सवयीने दोन रेघा कोरल्या. कोरल्यावर लक्षात आलं. म्हटलं, जाऊ दे, झाकण कोण उघडतंय!

पुढच्या तारखेला घड्याळ न्यायाधीशबाईंच्या टेबलावर टिकटिकत होतं. वकिलाने व्हिडिओ लावला. मुलगा म्हणाला, "बाबा अजून काम करतात, कमावतात. पोटगी कशाला?" लेक खाली मान घालून बसली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेलीने आईच्या घड्याळाचा गळ करून बापाला ओढला होता!

बाईंनी विचारलं, "आजोबा, हे तुम्हीच दुरुस्त केलं?"

काकांनी लेकीकडे पाहिलं. मग ताठ बसून म्हणाले, "हो. मीच."

संपलं! एका शब्दाने म्हातारा उपाशी मरणार होता. मी ताडकन उठले. "बाईसाहेब, झाकण उघडायला सांगा. आत माझी खूण आहे. यांच्या हातात आता स्क्रूही राहत नाही."

बाईंनी स्क्रूड्रायव्हर मागवून काकांच्याच हातात दिला. सगळ्या कोर्टासमोर त्याचं टोक झाकणावर खडखडत राहिलं, खाचेत काही बसेना. शेवटी शिपायाने झाकण उघडलं. दोन रेघा. निकाल त्याच दिवशी लागला, दोन्ही मुलांनी दरमहा पोटगी द्यायची.

मी पेढे वाटायच्या बेतात होते. बाहेर पायरीवर काकांनी मला थांबवलं.

"लेकीने पैशासाठी फसवलं, ते कळतं मला. तू तर शब्द दिला होतास."

"काका, तुमच्या पोटासाठीच ना?"

ते वळले. कठडा धरून हळूहळू उतरून गेले.

पोटगी वेळेवर येते. खोलीत दोन वेळचं शिजतं, वास माझ्या दुकानापर्यंत येतो. मी दोनदा दार वाजवलं, उघडलं नाही. गेल्या आठवड्यात त्यांचं मनगटावरचं घड्याळ बंद पडलं. माझ्या दुकानावरून, माझ्या डोळ्यांदेखत, ते चौकापलीकडच्या दुकानात दुरुस्तीला घेऊन गेले.