कासूचा बांध

चाचांच्या शेजाऱ्याच्या डोक्यात मी दगड घातला, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

मी धाटावच्या कंपनीत शिफ्टला जाणारा माणूस. इतिहास शाळेपुरता शिकलो. पण एका व्याख्यानात ऐकलं की दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या व्यापाऱ्यांचा माल आपल्याच खाड्यांत उतरायचा आणि बैलांवर लादून घाट चढायचा. म्हणजे वाट असणारच. ती नेमकी कुठून जायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मला तेवढं पुरलं. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल काढून मी रोह्यापासून पेणपर्यंत खाडीकाठ पालथा घालू लागलो. कुणी शेतात शिरू दिलं नाही तर भांडायचो, एकदा तर एकाची गचांडी धरली. बायको म्हणाली, मेलेल्या रस्त्यापायी जिवंत माणसांना मारणारा जगात तू एकटाच असशील.

कासूच्या पुढे, खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, मला चाचा भेटले. दोन्ही मुलगे दुबईला, घरात म्हातारा-म्हातारीच, आणि भातशेती चाचा एकट्याने ओढत होते. त्यांच्या शेतालगत खाडीचं पाणी अडवणारा मातीचा बांध होता. सगळ्या वाडीची शेतं त्याच्या भरवशावर. त्या बांधाच्या पोटात, शंभरेक पावलं, घडीव काळे दगड एका सरळ रेषेत बसवलेले दिसले. मी ती रेष दोनदा पावलांनी मोजली.

चाचांनी तिथल्या तिथे सांगितलं होतं. त्यांच्या आजोबांच्या काळी उधाणाने बांध फुटला, माती ठरेना, तेव्हा आजोबांनी स्वतःचं घर मोडून जोत्याचे दगड त्यात घातले. मी हसलो. म्हटलं, चाचा, लोक असंच सांगतात. दगड आधीपासून होते, तुमच्या आजोबांनी वर माती टाकली असेल. मग तासभर मी त्यांना रोम समजावून सांगितलं. त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं आणि सगळं ऐकून घेतलं.

बांधाच्या टोकाला शेजाऱ्याचा प्लॉट होता. त्याला भरावाचे डंपर न्यायचे होते आणि वाडी बांधावर चाक चढू देत नव्हती. नाक्यावरच्या टपरीवर माझं पुराण ऐकून त्याने मला चहा पाजला, साहेब म्हणाला, आणि एवढं मोठं संशोधन कागदावर यायला हवं म्हणाला. मला तोवर कुणी साहेब म्हटलं नव्हतं. मी दीड पान लिहिलं: हा प्राचीन सार्वजनिक रस्ता आहे. खाली झोकात सही केली.

आठवड्याभरात तो कागद नाचवत, रस्ता सगळ्यांचा आहे म्हणत, बांध डंपरजोगा सपाट करायला त्याने जेसीबी आणला. चाचांचा फोन आला, मी पोचलो, तोवर बांध कमरेइतका कापला होता. दगड दातांसारखे उपटून पडले होते. चाचा यंत्रासमोर उभे होते, हलत नव्हते. शेजाऱ्याने त्यांना आधी ढकललं, मग लाथ घातली, आणि ते उठले तेव्हा फावड्याचा दांडा हातावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. चाचा मटकन खाली बसले. पायाशी पडलेला दगड मी उचलला आणि शेजाऱ्याच्या कपाळावर घातला. रक्त त्याच्या डोळ्यांत उतरलं. खरं सांगतो, बरं वाटलं, म्हणून परत हात उचलला. तेवढ्यात त्याच्या दोन माणसांनी मला चिखलात पाडलं आणि बरगड्यांत लाथा घातल्या.

तसा पडल्या-पडल्याच मला कापलेला बांध आतून दिसला. दगडांखाली रस्त्याला लागतो तसा खडीचा थर नव्हता, नुसता चिखल आणि कुजका पेंढा. दगड फक्त खाडीच्या अंगाला लावलेले. एकावर चुना अजून चिकटलेला होता आणि दाराची चौकट बसायची खाच होती. कुणाच्या तरी घराचाच होता तो.

अमावस्येचं उधाण दोन दिवसांवर आलं होतं. खारं पाणी आत शिरलं तर चाचांच्या शेतात तीन-चार वर्षं भाताची काडी उगवली नसती. पोलिसांकडे कुणी गेलं नाही, तेवढा वेळच नव्हता. वाडीची रीत अशी की बांध फुटला की भांडणं बाजूला ठेवून आतल्या प्रत्येक घरातून एक माणूस रांगेत उभा राहतो आणि चिखलाचे गोळे हातोहात जातात. दुसऱ्या दिवशी ओहोटीला रांग लागली. डोक्याला पट्टी बांधून शेजारीही आला, कारण त्याचं घरही बांधाच्या आतलं. चाचांच्या घरातून चाचाच आले. मोडका हात म्हातारीच्या ओढणीत गळ्याला बांधलेला, दुसऱ्या हाताने गोळा छातीशी धरून पुढे देत होते. त्यांना गोळा देणारा शेजारीच होता.

मी शर्ट काढला, चिखलात उतरलो आणि म्हटलं, चाचा, तुम्ही बसा, तुमच्या घरचा म्हणून मी उभा राहतो.

त्यांनी आवाज चढवला नाही. "तू वर जा," म्हणाले. "यानं माझा हात मोडलान. तू माझ्या आज्याचा घर मोडलास."

शेजाऱ्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढचा गोळा त्याने जपून चाचांच्या धडक्या हातावर ठेवला.