जिनिंगच्या शेअरचा आजचा भाव

जालन्यात सळईच्या एका कारखान्यात मी हिशेबाचं काम पाहते. मालकांनी फार पूर्वी जाफराबादच्या एका मित्राच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कंपनीचे शेअर कारखान्याच्या नावावर घेतले होते. या शेअरची बाजारात खरेदी-विक्री होत नाही, त्यामुळे ताळेबंदात दरवर्षी खरेदीचीच रक्कम लिहिली जायची.

नवी लेखामानकं लागू झाली आणि ते बंद झालं. मार्चअखेर हे शेअर विकायला काढले तर काय येईल, तो आकडा दाखवायचा होता. मालकांना पटेना.

"विकायचेच न्हाईत, तर भाव कशाला काढून राह्यल्या, मॅडम?"

"ताळेबंद बँक वाचते, भागधारक वाचतात. त्यांना आजची किंमत कळायला हवी."

"अन् कमी निघाली तर?"

"कमी लिहायची."

मूल्यांकन करणारे गृहस्थ संभाजीनगरहून आले. बाजारभाव नव्हताच, म्हणून त्यांनी जिनिंगच्या पुढच्या काही वर्षांच्या कमाईचा अंदाज बांधला, तशाच दुसऱ्या कंपन्यांशी ताडून पाहिला. किंमत खरेदीच्या निम्म्यावर आली. हा तोटा वर्षाच्या नफ्यातून जात नाही, वेगळा दाखवतात, असं मी मालकांना सांगितलं.

"त्याचं काई न्हाई," ते म्हणाले. "छापून आल्यावर तो वाचंल. म्हणंल, दोस्तानंच माझ्या धंद्याची किंमत अर्धी केली."

म्हणून छापण्याआधी स्वतः जाऊन सांगायचं त्यांनी ठरवलं. मलाही सोबत नेलं. हंगाम संपला होता, मशिनी बंद होत्या. मित्रानं चहा मागवला. मालक कापसाबद्दल बोलत राहिले, मुद्द्यावर येईनात. शेवटी आकडा मीच सांगितला.

मित्रानं शांतपणे ऐकून घेतलं. "दिवाळीनंतर एक व्यापारी आल्ता," तो म्हणाला. "सगळी कंपनीच घ्यायला. त्याचा भाव तर याच्याहून कमी व्हता."

"मला बोलला न्हाईस?"

"काय बोलू? तुझाबी पैसा त्यात गेल्ता."

तो व्यापारी अजून तयार आहे का, हे मला विचारणं भाग होतं. मित्र म्हणाला, अधूनमधून फोन येतो त्याचा.

परतताना गाडी वाटेतल्या केदारखेड्याला पोचली. मग मालक म्हणाले, "जे बराबर असंल ते लिहून टाका."

खऱ्या गिऱ्हाइकानं लावलेला भाव अंदाजापेक्षा वजनदार असतो. मूल्यांकनात तो धरला आणि आकडा आणखी खाली आला. ऑडिटरनी थोडे प्रश्न विचारून तो मान्य केला.

पुढच्या वर्षी मित्रानं कंपनी त्याच व्यापाऱ्याला विकली, मालकांनीही आपले शेअर दिले. आम्ही दाखवलेल्या किमतीपेक्षा किंचित जास्तच पैसे आले. मित्र हल्ली मुलाकडे पुण्यात असतो. जालन्यात आला की कारखान्यावर येतो, मालकांच्या केबिनमध्ये जेवतो आणि दुपारच्या गाडीनं जातो.