अब्बांच्या पेटीतलं कफन

सुनेनं परवा लोकरीच्या कपड्यांत कापूर ठेवला, आणि तो वास येताच मी अमडापूरच्या आमच्या घरात जाऊन पोहोचले.

इंग्रजांच्या काळची गोष्ट. माझे अब्बा कापूस पिंजायचे. दाढीत कायम कापसाचे तंतू. ते हजला निघाले होते. अम्मी पत्र्याची पेटी भरत होती. सातूचं पीठ, गूळ, हजला अंगावर घ्यायच्या एहरामच्या दोन कोऱ्या चादरी. सगळ्यात खाली तिनं कापूर घातलेलं कफन ठेवलं.

"कफन काऊन नेता, अब्बा?"

"मक्केच्या जमजमच्या पाण्यात भिजवून वापस आणतो, बेटी. अन् रस्त्यात मेलोच, तर कामी पडते."

मी नऊ वर्षांची. कफनच नसलं तर मरण कसं येईल, असं वाटून मी ते काढून गोधड्यांत लपवलं.

अब्बा जातानाच जहाजावर वारले. सोबत गेलेले चाचा परतल्यावर म्हणाले, "भाभी, पेटी सारी उलटीपालटी केली, पण कफन भेटलं नाही. मंग एहरामच्या चादरीतच गुंडाळून भाईले समुद्रात सोडलं."

पुढं अम्मीला गोधड्यांत कफन सापडलं. "मीच ठेवाले विसरली," असं ती मरेपर्यंत म्हणत राहिली. शेवटच्या दिवशीही म्हणाली. मी तिच्या उशाशी होते, आणि गप्प होते.