चार वाजून दहा मिनिटांचा कॉल

बाइंडिंगवाल्या ताईला अर्धवट काम म्हणजे दाताखालचा खडा. छापखान्यामागच्या लांबट खोलीत तीस वर्षं ती वह्या, रजिस्टरं आणि फाटकी पुस्तकं शिवत आली होती. दाभणात दोरा ओवला की शेवटची गाठ मारल्याशिवाय ती जागची हलायची नाही. सुट्टी झाली, बाकीच्या डबे उघडून बसल्या, तरी हिचं आपलं चाललेलंच. मालक म्हणायचे, "मरण दारात आलं तरी ताई त्याला स्टुलावर बसवून ठेवेल, एवढं शिवून येते म्हणून." सगळे हसायचे. ताईसुद्धा.

तिचा दुसरा गुण म्हणजे तक्रार. पंखा दुरुस्त करणारा असो की पाणीखात्यातला साहेब, ताई कोणाला सोडायची नाही. अर्ज करायची, पोच घ्यायची, आणि पुन्हा चौथ्या दिवशी खिडकीशी हजर. लोक तिला टरकून असत, आणि मला वाटतं, ते तिला मनातून आवडायचं.

घरी ती आणि आई, दोघीच. वडील जाऊन बारा वर्षं झालेली. दोन वर्षांपूर्वी आईला झटका आला. हातपाय सुधारले, पण वाचा गेली ती गेलीच. ताई तिच्यापुढे बसून लहान मुलाला शिकवावं तसं म्हणायची, "आई, पाणी म्हण. बरं, नुसतं 'हो' म्हण." म्हातारी ओठ हलवायची आणि मान फिरवायची. एक शब्द ऐकायला ताईचा जीव तुटायचा, पण ती तसं कोणाला बोलून दाखवत नसे.

आईसाठी तिने बटणांचा साधा मोबाइल घेतला, प्रीपेड. एक बटण दाबलं की ताईचा फोन वाजणार, ताई तो न उचलता कट करणार आणि सात मिनिटांत घरी पोचणार. असं ठरलेलं. म्हणजे पैसे कापले जायचा प्रश्नच नव्हता. तरी दर पंधरवड्याला बॅलन्स संपायचा.

ताईने कस्टमर केअरला भंडावून सोडलं. एक दाबा, दोन दाबा, गाणं ऐका. शेवटी एका सोमवारी अर्धी रजा टाकून ती कंपनीच्या दुकानात गेली आणि टोकन घेऊन काउंटरवरच्या मुलीपुढे उभी राहिली.

"माझी आई बोलत नाही. तिला बोलता येत नाही. मग ती फोनवर बोलते कुठून?"

मुलीने यादी छापून दिली. रविवार सोडून रोज, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. अकरा मिनिटांचा कॉल. एकच नंबर.

ताईने तो नंबर वाचला, मग आकड्यांवर बोट ठेवून पुन्हा वाचला. लहानपणी दप्तरावर लिहिलेला नंबर तो, त्यांच्या जुन्या घराचा. रस्तारुंदीत ते घर पडलं तेव्हा तिने स्वतः वायर कापून फोन काढून आणला होता. तो काळा डबा अजून माळ्यावर होता, टीचभर वायर लोंबत असलेला.

"हा नंबर बंद आहे," ती म्हणाली. "कधीचाच."

"नुसती रिंग गेली तर पैसे कापत नाहीत, मॅडम," मुलगी म्हणाली. "कोणीतरी उचलतंय."

ताईने मनाची समजूत घातली. नंबर दुसऱ्या कोणाला दिला असेल. आई सवयीने लावत असेल, आणि पलीकडे कोणी टवाळ फोन धरून बसत असेल. पण मुक्या बाईपुढे रोज अकरा मिनिटं कोण बसतं? तिने त्या नंबराला कॉल जाऊ नये म्हणून अर्ज भरला आणि पोच घेतली. चोवीस तासांत बंद होईल, मुलगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ताई दोरा तसाच लोंबता सोडून उठली. मालक बघत राहिले. जिना चढून ती आपल्या दाराबाहेर उभी राहिली आणि आतून तिला आईचा आवाज आला.

"...तिखट कमीच खाते हो मी आता. ही खाऊ देत नाही." मग हसणं. तेच जुनं, खालच्या पट्टीतलं. "तुमची लेक ना ती. तुमच्यासारखीच हेकट."

ताईला दार ढकलायचं होतं, पण हात उठेना. तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही जास्त आनंद झाला. ती पायरीवर बसून तोंडात पदर कोंबून ऐकत राहिली.

"अहो, मी काय म्हणत होते..." आई म्हणाली आणि आवाज तुटला.

ताईच्या मोबाइलवर मेसेज आला. आपली तक्रार निकाली काढली आहे. समाधानी असाल तर एक दाबा.

ती आत धावली. आई खिडकीशी बसली होती, फोन कानाला लावलेला. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

ताई तशीच दुकानात गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिने तक्रार मागे घेण्यासाठी हात जोडले. मुलगी गोंधळली. "परत चालू व्हायला सात दिवस लागतील, मॅडम."

आईने अन्न सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ताई कामावर गेलीच नाही. फोन उशाशी ठेवून बसून राहिली. "आई, माझं चुकलं," ती म्हणत होती. तिसऱ्या दुपारी, चार वाजून दहा मिनिटांनी, फोन आपणहून वाजला. स्क्रीनवर जुन्या घराचा नंबर होता.

ताईने उचलला. पलीकडे रस्त्याचा, भांड्यांचा, त्या घराच्या करकरत्या दाराचा आवाज होता.

"ठमे, आईकडे दे."

बारा वर्षांत तिला या नावाने कोणी हाक मारली नव्हती. तिने फोन आईच्या कानाला लावला.

"कधीची वाट बघतेय," आई स्वच्छ म्हणाली. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. "हो. मी येते." पुन्हा ऐकलं आणि तिने लेकीचं मनगट घट्ट धरलं. "नाही. ती नाही. तिचं काम अर्धं राहिलंय. ते झाल्याशिवाय ती उठत नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

शुक्रवारी दुपारी आई गेली. किती वाजता, ते ताईने घड्याळात बघितलं नाही.

त्या मंगळवारी सोडलेलं रजिस्टर अजून तिच्या फळीवर आहे. घडी घातलेल्या पानांचे सहा फर्मे शिवलेले, सातव्यात दाभण अडकलेलं. बाकीचं काम ती पूर्वीसारखंच चोख करते. मालक कधीमधी विचारतात, "ताई, हे एक कधी होणार?"

"चाललंय," ताई म्हणते, आणि रोज त्या दोऱ्यावरची धूळ तेवढी पुसते.