दोन कार्डं आणि मे महिन्यातली दुपार

नागपूरच्या एका दुकानदाराने दोन महागडी ग्राफिक्स कार्डं, म्हणजे कॉम्प्युटरवर गेमचं चित्र उमटवणारे भाग, मला तुलनेसाठी वापरायला दिली होती. एक लाल चिन्हाच्या कंपनीचं, दुसरं तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या हिरव्या चिन्हाच्या कंपनीचं. मी लाखांदूरला शाळेत शिकवते आणि सुट्ट्यांत गेम खेळणाऱ्यांसाठी अशा कार्डांचे व्हिडिओ बनवते, आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीत.

मे महिना होता. आमच्या खोलीत एसी नाही, कूलर आहे. दोन्ही कार्डांवर मी एकच गेम, त्यातली एकच लढाई पुन्हा पुन्हा खेळले. सकाळी हिरवं सरळ पुढे होतं. पाण्यातली प्रतिबिंबं त्यात इतकी खरी दिसत की चहा द्यायला आलेली आई बघत उभी राहिली. ते मी व्हिडिओत कौतुकाने सांगितलंही. पण ऊन चढलं तसं ते तापलं, त्याचे पंखे घोंगावू लागले, चित्र अडखळू लागलं. लाल मात्र सकाळी चाललं तसंच चालत राहिलं, आणि ते हिरव्यापेक्षा बरंच स्वस्त होतं. कॅमेऱ्यासमोर मी म्हटलं, "घरी एसी असन तं हिरवं घ्या. नसन तं जास्तीचे पैसे कायले घालता?"

व्हिडिओ आधी दुकानदाराला दाखवायचं ठरलं होतं. त्याने फोन केला. उन्हाचा भाग काढा म्हणाला, आणि बोलणंही जरा सुधारा. अशा भाषेत महागडी वस्तू विकली जात नाही. रोज वर्गात प्रमाण मराठी शिकवणाऱ्या मला तो हे सांगत होता. मी मुद्दाम झाडीतच उत्तर दिलं.

"मी विकून नाही राहिली. जे दिसलं ते सांगून राहिली."

मग पुढची कार्डं विसरा, म्हणाला. आईला वाटत होतं, एवढा एक भाग काढायला काय हरकत आहे. मी त्यातला एक शब्दही न गाळता व्हिडिओ टाकला आणि दुसऱ्या दिवशी कार्डं नागपूरला नेऊन दिली.

भाषेवर हसणारे पुष्कळ निघाले. पण तुमसरच्या राइस मिलमधल्या एका ऑपरेटरने लिहिलं, माझ्याकडे नवं कार्ड आहे, तपासायला आणू का? रविवारी तो एसटीने आला, कार्डाचा खोका दुपट्ट्यात गुंडाळून मांडीवर धरून.

"उन्हातच चालवा, ताई," एवढंच तो म्हणाला.

दुपारी त्याचं कार्ड साफ ढेपाळलं. तो शेजारीच बसला होता. तरी मी ते कॅमेऱ्यासमोर जसंच्या तसं सांगितलं.